इंदरलालकाकांची काच

नवेगाव बांध,
डिसेंबर २०११

प्रिय दुर्गे,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तू आधी घाबरशील आणि मग चिडशील. घाबरू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. चिडायचं असेल तर खुशाल चिड, पण पत्र संपल्यावर. आजकाल कागदावर कोण लिहितं, असं म्हणशील. अगं, तूच तर म्हणालीस की ऑफिसच्या मेलवर ‘त्या विषयाचं’ काही लिहू नकोस, तिथे आणखी माणसं वाचतात. फोनवर तो विषय निघाला की तुझी मीटिंग सुरू होते. राहता राहिलं पोस्ट. बंगलोरच्या घराचा पत्ता तुझ्या आईकडून घेतला. शांतीकाकूंना वाटलं मी तुला तिळगुळाची पुडी पाठवणार आहे, म्हणून त्यांनी सोबत चकल्या देऊ केल्या. त्या मीच खाल्ल्या. अक्षर वेडंवाकडं आहे ते थंडीमुळे नाही. मी बसले आहे तिथे टेबल नाही आणि खालची जमीन सारखी थरथरते. कुठे बसले आहे ते पुढे सांगेन.

आधी इकडची हालहवाल. धान निघालं, चुरणी-मळणी आटोपली, आता गावाच्या दोन्ही बाजूंनी रस्त्यावर पोती घेऊन चाललेले ट्रॅक्टर आहेत. बांधाच्या तळ्यावर दरवर्षीचे पाहुणे पक्षी उतरलेत आणि ते बघायला नागपूरचे लोक गाड्या घेऊन येतात, बांधावर उभे राहून फोटो काढतात आणि चहा कुठे मिळतो ते आपल्यालाच विचारतात. मुन्नालाल सेठच्या मिलचा हंगाम यंदा जोरात आहे. उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाला मागणी फार, त्यामुळे धान वाफवायचे हौद रिकामे राहत नाहीत आणि बॉयलर थंड होऊ देत नाहीत. फुलचूरचा माझा कॉम्प्युटरचा क्लास मी सध्या बंद ठेवला आहे. पोरांना सांगितलं की आईला बरं नाही. आई ठणठणीत आहे, उलट तिला वाटतंय की मी अखेर स्थळं पाहायला तयार होऊन घरी आले. तिचा हा गैरसमज मी दूर केलेला नाही, कारण खरं कारण सांगितलं तर ती मला घराबाहेर पडू देणार नाही.

गोंदियाला शिकताना घेतलेली फुलचूरची आपली खोली आता पाडली. तिथे मोबाइलचं दुकान झालंय. तिथून जाताना मला दर वेळी तो पिवळा पडदा आठवतो आणि त्यामागचा आपला तो जुना कॉम्प्युटर, ज्याचं झाकण आपण कधी लावलंच नाही. आठवतं ना, ज्या संस्थेत आपण शिकायला गेलो तिथे सगळ्या सीड्या नकली होत्या. सर दर आठवड्याला म्हणायचे, छापा पडला तर मागच्या दाराने निघा. आपण दोघी शेतकऱ्याच्या पोरी, चोरी म्हटलं की हातपाय गार व्हायचे. मग कुठल्याशा मासिकासोबत लिनक्सची ती सीडी आली. फुकट, आणि चोरीची नाही. तू ती सीडी दोन बोटांत धरून उन्हात पाहिलीस, जणू खोटी नोट तपासते आहेस. त्याहून मोठी गोष्ट मागून कळली की त्यातला प्रत्येक प्रोग्राम उघडून आत काय लिहिलंय ते वाचता येतं. आपल्याला शिकवायला गोंदियात होतं कोण? पुस्तकं नागपूरला, आणि तीही इंग्रजीतली. आपण जे शिकलो ते जगातल्या कुठल्या कुठल्या माणसांनी लिहून मोकळं ठेवलेलं वाचून शिकलो. भारनियमनात वीज गेली की तू कागदावर उतरवून घेतलेलं कंदिलाजवळ वाचत बसायचीस आणि मी तुझ्या वाट्याचाही भात खाऊन झोपायची. त्या दिवसांचं मी अजूनही ऋण मानते, दुर्गे. पुढे जे लिहिणार आहे ते वाचताना हे विसरू नकोस.

आणि मग ‘राखण’. त्याची सुरुवात तुझ्या बाबांच्या डोळ्यांपासून झाली हे मला वाटतं तू आताशा कुणाला सांगत नसशील. इंदरलालकाका शेती उरकली की मुन्नालाल सेठच्या बॉयलरवर जायचे, अजून जातात. बॉयलरला ते बुढी म्हणायचे. आपण पहिल्यांदा डबा घेऊन गेलो तेव्हा त्यांनी आपल्याला ती काचेची उभी नळी दाखवली होती. आत बॉयलरमध्ये पाणी किती ते त्या नळीत दिसतं. मागे पत्र्यावर तांबडी रेघ. पाणी रेघेच्या खाली गेलं की समजायचं, बुढी तहानलेली आहे. जेवायला बसण्याआधी ते खालची चावी उघडून नळी वाफेने धुवायचे, जुन्या धोतराच्या फडक्याने बाहेरून पुसायचे, पाणी परत वर चढलेलं पाहायचे आणि मगच डबा उघडायचे. “बुढी उपाशी असन तं आपन कसं खाचा?” असं म्हणायचे. वाफेचा दाब वाढला तर वरची झडप आपोआप उघडते, पण पाणी संपलं तर त्या झडपेला काही कळत नाही, तिथे माणसाचाच डोळा हवा, हेही त्यांनीच सांगितलं. आणि त्याच वर्षी त्यांचे डोळे धूसर होऊ लागले. दोनदा त्यांना रेघ दिसली नाही, ते त्यांनी काकूंना सांगितलं, काकूंनी तुला.

तू त्या उन्हाळ्यात झपाटलेली होतीस. पाण्यात उतरलेल्या दोन सळया, त्यांची तार कॉम्प्युटरच्या मागच्या खोबणीत, आणि शाळेतली असते तशी विजेची घंटी. पाणी सळीच्या खाली गेलं की त्या क्षणी घंटी. निम्मं मी लिहिलं, पण कल्पना तुझी आणि हट्टही तुझाच. घंटी पहिल्यांदा वाजली तेव्हा मिलमधले हमाल पोती टाकून पळाले होते आणि काका तिथेच उभे राहून हसत होते. नाव मी सुचवलं. रानडुकरं येतात म्हणून शेतावर माचाण बांधून बसतात, ती राखण. आपण ते इंटरनेटवर टाकलं, कारण आपल्याला मिळालं तेही कुणीतरी तसंच टाकलेलं होतं. वर मोठ्या अक्षरात लिहिलं, कोणीही घ्या, बदला, वाटा, अट एकच, आमची नावं काढू नका. ब्राझीलच्या एका माणसाने, त्याच्या साबणाच्या कारखान्यात लावून पाहून, आपली एक चूक कळवली होती. तू स्टेशनजवळच्या कॅफेतून खोलीपर्यंत धावत आलीस आणि तुझी एक चप्पल तिथेच राहिली. आपल्या दोघींपैकी कुणीही तोवर नागपूरच्या पलीकडे गेलं नव्हतं.

पुढचं तुला माहीत आहे, पण तू ते एका बाजूने पाहिलंस आणि मी दुसऱ्या. तुझं लिहिलेलं पाहून त्या परदेशी कंपनीने तुला बंगलोरला बोलावलं. ना कॉलेजचं नाव विचारलं, ना ओळख लागली. मी स्टेशनवर तुला सोडायला आले तेव्हा मनापासून खूश होते. थोडा मत्सर होता, तो असणारच, पण खूश होते. नंतर कंपनीने तसंच यंत्र स्वतःच्या नावाने काढायचं ठरवलं आणि तुला सांगितलं की इंटरनेटवरचं ते मोकळं पान आता बंद कर. तू केलंस. तुझ्या जागी मी असते तर काय केलं असतं, हे मी स्वतःला विचारून पाहिलं आहे आणि मला नक्की उत्तर सापडलेलं नाही, त्यामुळे त्यावरून मी तुझ्याशी भांडणार नाही.

पण पान बंद झालं तरी राखण इथून गेली नाही, गं. ती पेन ड्राइव्हवरून या मिलमधून त्या मिलमध्ये जात राहिली. माझ्याच क्लासमधला दुधराम ती बसवून देतो, गोंदियाचा भैय्यालाल बसवतो, बालाघाटकडची दोन पोरं बसवतात. त्यांच्या पोटाला आधार झाला याचं मला बरंच वाटलं. आपण वाचून शिकलो, ही पोरं उतरवून घेतात, एवढा फरक. वाचायला त्यांना वेळ नाही आणि खरं सांगायचं तर कुणी वाच म्हणतही नाही. ब्राझीलवाल्याने चूक पाहिली तर त्याने आपल्याला कळवली होती. ही पोरं एकमेकांना काही कळवत नाहीत. प्रत्येक जण मिलमालकाला सांगतो, हा दुर्गाबाईचा असली माल आहे, मी हात लावलेला नाही. आणि आपली ती एक अट सगळ्यांनी इमानेइतबारे पाळली आहे. कुठल्याही मिलमध्ये जा, पडद्यावर वर तुझं नाव, खाली माझं, आणि त्याखाली नवेगाव बांध.

फेसाचं मी तुला दोन वर्षांपूर्वी लिहिलं होतं. इकडच्या पाण्याला उकळताना फेस येतो, सळी फेसात कधी भिजते कधी सुकते, आणि पाणी भरपूर असताना घंटी वाजते. हंगामात दिवसभर अशी खोटी घंटी वाजली की मालक वैतागतात. तू तेव्हा फोनवर किती आनंदाने सांगितलंस की जमलं गं योगी, फेस कुठला आणि खरं पाणी कुठलं ते ओळखता येतं. मी वाट पाहिली. ती दुरुस्ती कंपनीच्या यंत्रात गेली आणि आपल्या पानावर यायच्या आधी पान बंद झालं. मग इकडच्या पोरांनी आपापल्या बुद्धीने उपाय काढला. घंटी लगेच नको, थोडं थांबून वाजू दे, तोवर फेस बसेल. उपाय अगदीच वेडगळ नव्हता. मी असते तर मीही पहिल्यांदा तेच केलं असतं.

दिवाळीनंतर देवरीकडच्या एका मिलमध्ये बॉयलर फाटला. पेपरात चार ओळी होत्या, दाब वाढल्याने असं लिहिलं होतं. दुधराम मात्र क्लासवर आला आणि बाकावर बसून राहिला, पाणी दिलं ते त्याने हातात धरून ठेवलं. तिथली राखण त्याने बसवलेली. तिथला फायरमन वाचला, पण त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत गेल्यासारखेच आहेत. दुधराम म्हणाला, “मॅडम, पानी खाली गेलतं, सगळेच सांगून राहिले. मंग घंटी काऊन नाही वाजली?” आम्ही दोघांनी त्याचा प्रोग्राम उघडला आणि तू पान बंद करण्याआधीची माझ्याकडची जुनी प्रत शेजारी ठेवून ओळीला ओळ लावली. दुर्गे, थांबायला सांगणारी ओळ एक नव्हती. दुधरामने एक घातली होती. पण त्याने ज्याच्याकडून प्रत घेतली त्या भैय्यालालने दुसऱ्या जागी आधीच एक घातलेली होती, आणि त्याच्याही आधी आणखी कुणी तरी. प्रत्येकाला वाटलं की आपण मूळ राखणीला फक्त थोडी उसंत देतोय. सगळ्यांची उसंत एकात एक मिळत गेली. बॉयलर कोरडा पडायला लागतो त्याहून ती जास्त झाली होती. दुधराम नुसतं “मी तं थोडंसंच वाढवलं, मॅडम” म्हणत होता आणि ते खरंच होतं. मला त्याच्यावर ओरडता येईना.

त्यानंतर मी जमतील तितक्या मिल फिरले. दारातच विचारतात, तुम्ही कोण? मी म्हणते, पडद्यावर खालचं नाव आहे ना, ती. ते म्हणतात, असली तर दुर्गाबाई, त्या मोठ्या कंपनीत आहेत. जी गेली ती हुशार आणि जी राहिली ती क्लासवाली, असा इथला सरळ हिशेब आहे. काहींनी ऐकलं. काहींनी चहा पाजून वाटेला लावलं. आणि मग मला आठवलं की मागच्या पावसाळ्यात मुन्नालाल सेठच्या मिलमधला जुना कॉम्प्युटर वीज पडून जळाला होता. तुझ्या हातचा, तुझ्या हातची राखण असलेला. मी बस पकडून इथे आले. नवा कॉम्प्युटर भैय्यालालने दिलाय. पडदा तोच, हिरवा दिवा तोच, नावं तीच. आत उघडून पाहिलं तर थांबायच्या त्याच ओळी, एकात एक.

सेठला मी सगळं समजावून सांगितलं. तो म्हणाला, “जो चल रहा है उसको क्यों छेड़ना, मॅडम?” तरी हट्टाने थांबायच्या सगळ्या ओळी काढून टाकल्या. झालं, दिवसभर फेसाने घंटी वाजत राहिली, हमालांनी कानात बोळे घातले, संध्याकाळी सेठने तार कापायला लावली आणि भैय्यालालला बोलावून, तार जोडून, त्याचीच आधीची प्रत परत टाकून घेतली. फेस ओळखणारी दुरुस्ती मी स्वतः लिहायला घेतली आहे, अर्धवट जमली आहे, पण ती तपासायची तर चालत्या बॉयलरवर, आणि सेठ आता मला त्या कॉम्प्युटरजवळ बसू देत नाही. बॉयलरजवळ मात्र बसू देतो. तिथे बसून हे बाईमाणूस काय बिघडवणार, असं त्याला वाटतं.

तर मी बसले आहे ती इथे. बॉयलरच्या खोलीत, उलट्या टोपलीवर, काचेच्या समोर. आज आठवडा झाला असेल. कागदावर काजळीचे ठिपके दिसतील ते त्यामुळे. मला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली ते सांगते. मी आले त्या पहिल्या दिवशी काच पाहायला गेले, तर काच दिसेचना. आतून पिवळी, बाहेरून काळी. धोतराचं फडकं खिळ्यावर लटकलेलं, कडक होऊन गेलेलं, आणि त्यावर कोळ्याने जाळं केलेलं. मी काकांना म्हटलं, हे काय? तर ते हसले आणि म्हणाले, “आता काच कायले पुसाची? माही दुर्गी पाहून राहिली न. मानसाचे डोरे झोपतेत, तिचं मशीन नाही झोपत.” दसऱ्याला ते पूर्वी काचेला कुंकू लावायचे. यंदा कॉम्प्युटरला झेंडूचा हार घातला, तो वाळलेला हार अजून आहे. जेवायची वेळ झाली की आता ते पडद्यावरचा हिरवा दिवा पाहतात, तुझ्या नावाकडे पाहतात आणि डबा उघडतात. पाहणाऱ्याला वाटेल की देवाला नैवेद्य दाखवतायत. मला ते बघवत नाही.

मी त्यांना सांगितलं, आतमध्ये तुझं फारसं उरलेलं नाही. त्यांनी पडद्यावरच्या नावावर बोट ठेवलं. त्यांना वाचता येत नाही असं नाही, पण एवढं एक नाव ते डोळे धूसर असूनही लांबून वाचतात. काच मी रोज धुते तेव्हा ते मला काही बोलत नाहीत, क्लास चालत नसेल म्हणून पोरगी इथे रमते, अशी त्यांची समजूत आहे. “तू शिकून राहिली बाई अजून,” म्हणाले काल, आणि त्यांच्या डब्यातली अर्धी भाकर माझ्या हातावर ठेवली.

मधेच उठावं लागलं. वरचं लिहिता लिहिता त्यांच्या जेवणाची वेळ झाली म्हणून मी काच धुवायला गेले होते. आता परत बसले आहे, जसं झालं तसं लिहिते. चावी उघडली, वाफ आली, चावी बंद केली. पाणी वर चढायला हवं होतं, ते चढलं नाही. मला वाटलं माझंच चुकलं, पुन्हा केलं. तांबड्या रेघेच्या खाली, अगदी तळाशी, बोटभर पाणी आणि तेही उतरत होतं. पडद्यावर हिरवा दिवा. घंटी गप्प. मी ओरडले. काकांच्या हातात डब्याचं झाकण होतं. त्यांनी आधी काचेकडे नाही पाहिलं, दुर्गे, पडद्याकडे पाहिलं. म्हणाले, “घंटी तं नाही वाजली.” मी त्यांचा हात धरून ओढत काचेजवळ आणलं आणि नाक टेकेपर्यंत वाकवलं. तेव्हा त्यांना दिसलं. मग मात्र तो पूर्वीचा माणूस जागा झाला. जळणाच्या तुसाची धार बंद केली, लोखंडी आकडा घेतला आणि भट्टीतली आग बाहेर ओढायला लागले. मी नळ सोडायला धावले, तर “पानी नको टाकू, तापल्या लोखंडावर पानी नको!” म्हणून असे ओरडले की मी जागीच थिजले. हमाल पळाले, सेठ आला, शिव्या देत आला आणि विस्तव पाहून दारातच थांबला. पाण्याच्या पंपाच्या तोंडाशी गाळ अडकला होता, तो नंतर निघाला. आग पूर्ण ओढून झाली, आम्ही सगळे बाहेर अंगणात घाम पुसत बसलो, काका खोकत होते, कुणीतरी पाणी आणलं. आणि तेव्हा घंटी वाजली.

मला रडू आलं. काकांचा चेहरा मात्र उजळला. ते उठून उभे राहिले आणि सेठला, हमालांना, मला म्हणाले, “पाहा, वाजली न! जराशी उशिरा वाजली, पन वाजली. दुर्गी नाही चुकत.” सेठही म्हणाला, “देखा, बजी ना?” सगळे हसले, सुटल्यासारखे. बुढी थंड झाली की पंप साफ करून उद्या सकाळी पुन्हा पेटवणार आहेत. काका आत जाऊन, काळ्या हातांनी, तो वाळलेला हार सरळ करून आले.

म्हणून हे पत्र, दुर्गे, आणि म्हणून ते उद्याच्या पहिल्या बसच्या कंडक्टरच्या हाती गोंदियाला, तिथून स्पीड पोस्टने. मी तुझ्याकडे ती दुरुस्ती मागत नाही. दिलीस तर उपकार होतील, नाही दिलीस तर तुझ्या आणि कंपनीच्या कराराचं तुम्ही पाहा, मी माझी पूर्ण करेन आणि तिला सगळ्यांसाठी मोकळी ठेवेन, मग कितीही वेळ लागो. मला फक्त तुझा येत्या रविवारचा फोन हवा आहे. तू रविवारी बाबांना फोन करतेस, ते रेंज मिळावी म्हणून बांधावर चढतात आणि परत येऊन मिलमध्ये प्रत्येकाला सांगतात की दुर्गी काय म्हणाली. या रविवारी त्यांना तब्येत विचारू नकोस, थंडीचं विचारू नकोस. त्यांना सांग, बाबा, माझं चुकू शकतं, माझ्या मशीनच्या भरवशावर जेवायला बसू नका, आधी काच पुसा. मी हे शंभरदा सांगितलं, ते माझं ऐकत नाहीत. बॉयलर जगात कुणाचंच ऐकत नाही, पण तुझे बाबा तुझं ऐकतात. तोवर फडकं माझ्या हातात आहे आणि मी इथून हलत नाही.

तुझीच, पडद्यावरच्या दुसऱ्या नावाची,
योगेश्वरी